मेटल भारी का रॅप? आधी पोट्ट्यांना एक खोली द्या

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर शेवटचे चार-पाच परिच्छेद वाचा, कारण कामाची गोष्ट तिथे आहे. पण मधलं न वाचता कमेंटमध्ये भांडायला येऊ नका, एवढी विनंती.

मागच्या आठवड्यात माझ्या गोडाऊनमध्ये दोन पोट्ट्यांची चांगलीच जुंपली. एक माझा भाचा, वणीचा. नुकतीच बारावी झाली, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. दुसरा माझ्याकडे साउंडच्या कामाला येणारा घाटंजीकडचा पोरगा, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रीचा कार्यक्रम आटोपून आलो होतो, गाडीतून बॉक्स उतरवणं चाललं होतं आणि तेवढ्यात विषय पेटला.

"काय बे, तुह्या त्या गाण्यात एक तरी शब्द समजते काय? नुसता बोंबलते तो माणूस."

"अन् तुह्या गाण्यात वाजते काय? यूट्यूबवरून बीट उचलला, वरून बडबड केली, झालं गाणं!"

"बडबड? लिहून दाखव ना मंग चार ओळी."

"तू गिटारचा एक तुकडा वाजवून दाखव पहिले."

शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा आता. मेटल भारी का रॅप?" मी म्हटलं, पहिले बॉक्स उतरवा, उद्या सांगतो. तो उद्या आज उजाडला. तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर ते खोटं झालं असतं, म्हणून आठवडाभर विचार केला.

मी काही संगीततज्ज्ञ नाही. २२ वर्षं झाली, साउंड सर्व्हिसचा धंदा आहे. लग्न, जयंत्या, सभा, कीर्तन, दुर्गोत्सव, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे माइक लावला आहे. शास्त्रातलं मला कळत नाही, पण कोणता आवाज माणसाचं काय करतो हे रोज समोर उभं राहून पाहिलं आहे. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

ज्यांना दोन्ही प्रकार सारखेच परके वाटतात, त्यांच्यासाठी आधी थोडं मूळ सांगतो.

हेवी मेटलचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. कारखान्यांचं शहर. तिथल्या ॲस्टन नावाच्या कामगार वस्तीतल्या चार पोरांनी १९६८ मध्ये बँड काढला, त्याचं नाव पुढे ब्लॅक सॅबथ झालं. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. दुसरा कोणी असता तर गिटार विकून मोकळा झाला असता. यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपण्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा बसवल्या आणि पुढे तारा सैल करून खालच्या सुरात वाजवू लागला. सैल तारांचा आवाज जाड येतो, जड येतो. १३ फेब्रुवारी १९७० ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्या जड आवाजानं जगभर संसार मांडला. मेटलमध्ये गिटारचा जो एक जाड तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो त्याला रिफ म्हणतात. कारखान्यातली मशीन जशी एकच ठोका दिवसभर मारते, तसा तो असतो.

माझे भाऊजी, म्हणजे या भाच्याचे वडील, वणीला कोळसा खाणीत आहेत. त्यांना मेटल अजिबात आवडत नाही. पण एकदा पोरानं हेडफोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा ते हसून म्हणाले, "हे तं आमचं ड्यूटीवरचंच वाजून रायलं बापा." मला वाटतं, मेटल या प्रकाराबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात खरं मत तेच आहे.

आता हिप हॉप. गाव न्यूयॉर्कचं ब्राँक्स. मोठा हायवे वस्तीच्या मधून काढला, घरं पाडली, ज्यांना जमलं ते निघून गेले, उरले ते बहुतेक काळे आणि पोर्टो रिकोचे गरीब लोक. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होणार, नवे कपडे घ्यायचे, तर थोडं तिकीट लावून पैसे जमवू. गाणी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. मूळचा जमैकाचा. साउंड सिस्टीम वडिलांची. म्हणजे बघा, हिप हॉपचा जन्मदाता माझ्याच धंद्यातला माणूस! त्यानं पाहिलं की गाण्यात जिथे नुसता ड्रम वाजतो तिथे पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन प्लेअरवर लावून तेवढाच तुकडा लांबवत नेला. त्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणं सुरू झालं, बोलण्याला यमक आलं, यमकाला गोष्ट आली. १९८२ ला ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या मंडळीचं 'द मेसेज' आलं, तोपर्यंत वस्तीतली घाण, भाडं, बेकारी हे सगळं गाण्यात येऊन बसलं होतं.

म्हणजे दोन्ही गरिबाच्या घरचेच. एक कारखान्याच्या शेजारी जन्मला, एक पाडलेल्या वस्तीत. माझ्या भाच्याला रॅप 'हलकं' वाटतं आणि त्या पोराला मेटल 'श्रीमंतांचं' वाटतं, पण दोघांनाही एकमेकाचा बाप माहीत नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते पहिला फरक सामानाचा आहे.

मेटल करायचं तर किमान चार जण पाहिजेत. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट, तीन ॲम्प, माइक, मिक्सर. साधा माल धरला तरी लाखाच्या घरात जातो. वरून वाजवायला जागा पाहिजे. ड्रमसेट काही भाड्याच्या खोलीत वाजवता येत नाही, घरमालक दुसऱ्या दिवशी सामान बाहेर काढते. आणि हात बसायला तीन-चार वर्षं पाहिजेत. हे सगळं मुंबईत जमू शकलं. तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरत होतं, पुढे डेमॉनिक रिसरेक्शन, भयानक मौत, स्क्राइब असे बँड झाले. कुणाची कॉलेजं चांगली होती, कुणाच्या घरी खोली होती. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याकडे मेटल का रुजलं नाही याचं उत्तर आवडीनिवडीत शोधू नका. ते उत्तर त्या खोलीत आहे.

रॅपला काय लागते? एक मोबाईल. इअरफोनचा माइक. फुकटचा बीट. आणि तोंड. घाटंजीचा पोरगा एसटीत बसून लिहितो, रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करतो, कारण पांघरुणात आवाज घुमत नाही. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नाही. म्हणून रॅप विदर्भात आलं आणि टिकलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव '१००आरबीएच' असं लिहितो, शंभरचं 'सौ' धरून वाचायचं. तो एमटीव्ही हसलच्या मंचावर जाऊन आला. अमरावतीचाच विपिन तातड जातीवर, अन्यायावर, बाबासाहेबांच्या विचारावर रॅप करतो. मुंबईच्या स्वदेशी या गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. 'गली बॉय' त्याच वर्षी फेब्रुवारीत आला आणि मग तर प्रत्येक तालुक्यात दोन-चार रॅपर निघाले.

आता कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी थेरं आहेत, आपल्या संस्कृतीत कुठे बसतात? त्यांना माझा प्रश्न: कलगी-तुरा विसरलात काय? दोन शाहीर समोरासमोर, एक कोडं घालणार, दुसरा तिथल्या तिथे उत्तर बांधणार, हरला तर गावभर नाव. खडी गंमत काय होती? डफ, तुणतुणं आणि समोरच्याची जिरवणं. रॅप बॅटल याहून वेगळी काय असते? गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजेरी होती. सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या घेऊन हुंडा, दारू, बुवाबाजी यांना आजही झोडतात, आणि लोक हसता हसता गप्प होतात. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर भीमगीतं लिहिली, गायली, ती कुठल्या स्टुडिओच्या जोरावर नव्हे. ठेका धरून, यमक जुळवून, तोंडावर खरं बोलणं ही आपली जुनी सवय आहे. रॅप आपल्याकडे पाहुणा म्हणून आलं, पण घर त्याच्या ओळखीचं निघालं.

इथे माझा भाचा चिडला. "म्हणजे रॅप आपलं अन् मेटल परकं, असंच ना?"

नाही रे बाबा. धुमाल आठव. गाडीवर बॉक्स, समोर दहा-पंधरा जण ढोल-ताशे बडवणारे, मधे कीबोर्डवाला, आणि शब्द जवळपास शून्य. तरी माणूस वेडा होऊन नाचते. छातीत ठोका बसतो, डोकं रिकामं होतं. गोंधळात संबळ तापलं की काय होतं ते पाहिलं आहे ना? जो आवाज अंगावर घेतला जातो, ज्याला अर्थ विचारत बसायचं नसतं, तोही आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मेटलची जागा तिथे आहे. फक्त अजून कुणी ती बसवून दाखवली नाही. दिल्लीच्या ब्लडीवूड नावाच्या बँडनं ढोल आणि मेटल एकत्र केलं, त्यात रॅपही घातलं, आणि २०१९ ला जर्मनीत वाकेनच्या प्रचंड मेटल महोत्सवात वाजवून आले. म्हणजे जे भांडण माझ्या गोडाऊनमध्ये झालं ते त्यांनी एकाच स्टेजवर मिटवून टाकलं.

दुसरा फरक मात्र सामानाचा नाही. तो दुःखाचा आहे, आणि इथे मला यवतमाळचा माणूस म्हणून बोलायचं आहे.

रॅप हिशोब मांडतं. कापसाला काय भाव मिळाला, बियाणं कितीला पडलं, बोंडअळीनं किती खाल्लं, विम्याचे पैसे कुठे अडकले, कोण येऊन फोटो काढून गेलं. नाव, गाव, आकडा. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त कास्तकार आणि मजूर गेले. या घटनेवर रॅप होऊ शकतं, कारण तिथे विचारायला प्रश्न आहेत: औषध कोणतं होतं, तोंडाला बांधायला काय दिलं होतं, दवाखान्यात काय होतं. रॅप म्हणजे साक्ष. आणि साक्षीला लोक घाबरतात. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर 'खोक्यां'च्या राजकारणावर गाणं केलं म्हणून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवर मुंबईत वडाळ्याला. मेटलवाल्यावर असा गुन्हा दाखल झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कसा होईल? तो काय म्हणून रायला हे ठाणेदाराला समजलं तर ना! यात माझ्या भाच्यानं हसू नये. ज्या गाण्याला कुणीच घाबरत नाही, त्या गाण्यानं थोडा विचार करायला पाहिजे.

पण सगळंच दुःख हिशोबात बसत नाही.

काही वर्षांपूर्वी माझा शाळेतला एक मित्र गेला. कास्तकार होता. कसा गेला ते लिहीत नाही, यवतमाळच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. माती देऊन मी आणि भाचा टेम्पोनं परत येत होतो. तो तेव्हा नववीत असेल. दीड तास कुणी बोललं नाही. मग त्यानं न विचारता मोबाईल टेपला जोडला आणि त्याचं ते गाणं लावलं. एरवी मी दहा सेकंदात म्हणतो, "बंद कर ते." त्या दिवशी म्हटलं नाही. त्या गाण्यात काय होतं मला एक शब्द कळला नाही. एवढंच कळलं की माझ्या आत जे चालू होतं ते कुणीतरी बाहेर वाजवून रायलं आहे. कळंबपर्यंत ते वाजत राहिलं. मी गाडी बाजूला लावली आणि पहिल्यांदा रडलो.

तेव्हा कुणी भाव आणि विमा सांगितला असता तर मला नको झाला असता.

१९ मार्च १९८६ ला आपल्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पवनारला पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. जाण्याआधी चिठ्ठी लिहून ठेवली. चाळीस वर्षं होत आली, त्या चिठ्ठीवर भाषणं झाली, उपास झाले, आजही १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. चिठ्ठीतला प्रश्न रॅपसारखा आहे, तो विचारत राहिलाच पाहिजे, जोरात विचारला पाहिजे. पण चिठ्ठी लिहून झाल्यावर पेन खाली ठेवल्यानंतरची जी शांतता असेल, तिला शब्द नाहीत. तिथे मला वाटतं तो जड, काळा, अर्थ न सांगणारा आवाजच जाऊ शकतो.

दोघांच्या चुकाही सांगतो, नाहीतर मामानं गोड बोलून वेळ मारून नेली असं होईल. रॅपवाल्यांनो, तुमच्यातले अर्धे गाडी, सोनं, बंदूक आणि 'मी कसा बाप' यातून बाहेरच येत नाहीत. आर्णीत राहून शिकागोची बंदूक कशाला दाखवता? आणि बाईला शिवी दिल्याशिवाय यमक जुळत नसेल तर ते यमक सोडून द्या. मेटलवाल्यांनो, तुम्ही स्वतःला वरच्या जातीचे समजता. 'आम्ही ऐकतो ते खरं संगीत, बाकी कचरा.' सगळं इंग्रजीत, सगळ्या कवट्या त्याच, आणि नवीन पोरगा आला की त्याची परीक्षा घेता. वऱ्हाडीत एक गाणं करून दाखवा ना. ग्रोल म्हणजे तो घशातून काढायचा घरघराट, तो वऱ्हाडीला काय शोभून दिसेल! आणि दोन्हीकडे पोरी कुठे आहेत? माझ्या गोडाऊनमधल्या भांडणातसुद्धा एक पोरगी नव्हती.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट.

मागच्या वर्षी एका कॉलेजच्या गॅदरिंगला साउंड माझा होता. कॉलेजचं नाव घेणार नाही, कारण दुसऱ्या ठिकाणीही हेच झालं असतं. घाटंजीच्या पोरानं नाव दिलं होतं. कार्यक्रमाआधी त्याच्याकडून कागद मागून घेतला, त्यातल्या कापसाच्या भावाच्या आणि पुढाऱ्यांच्या आठ ओळी लाल पेनानं खोडल्या आणि म्हणाले, "बाकी म्हण." बाकी उरलं काय होतं? नमस्कार आणि धन्यवाद. तो स्टेजवर गेलाच नाही. त्याच गॅदरिंगमध्ये तीन पोरं दोन उसनी गिटार आणि कॉलेजचाच जुना ड्रम घेऊन वाजवणार होती. सरावाच्या दिवशीच त्यांना सांगितलं, "हा गोंधळ इथे नको, आवाज फार होते." बरं, ठीक आहे. आणि शेवटी त्याच मैदानात दीड तास डीजे वाजला. बॉक्स माझेच होते, म्हणून किती आवाज होता ते मलाच विचारा.

म्हणजे एकाला शब्दांसाठी काढलं, दुसऱ्याला आवाजासाठी, आणि ज्यात शब्दही नव्हता आणि आवाजही तिप्पट होता ते चाललं. दोघं गोडाऊनमध्ये एकमेकांशी भांडत होते, पण दोघांना बाहेर काढणारा हात एकच होता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजून १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट. नियम चांगला आहे, म्हातारी माणसं, दवाखाने, अभ्यासाची पोरं यांच्यासाठी पाहिजेच. पण तो कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही हे आपण सगळे पाहतो. मुंबईतलं धोबीतलावचं रंगभवन रॉकवाल्यांचं घर होतं. शांतता क्षेत्रात येतं म्हणून तिथले कार्यक्रम बंद पडले. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या बॉक्सचं काय झालं ते मी सांगायला नको. हो, मीही त्याच धंद्यात आहे, मीही ते बॉक्स भाड्यानं देतो. पोट आहे. म्हणूनच सांगतो, आवाजाचं कारण पुढे करून जेव्हा पोरांना हाकलतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा आवाज नसतं.

आणि शब्दांना घाबरण्याचं म्हणाल तर यवतमाळचं नाव आधीच लागलेलं आहे. जानेवारी २०१९ ला ९२ वं साहित्य संमेलन आपल्याकडे झालं. नयनतारा सहगल उद्घाटनाला येणार होत्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईला का बोलावलं म्हणून विरोध झाला, निमंत्रण मागे घेतलं, देशभर छी-थू झाली. मग उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या कास्तकाराच्या पत्नी. त्या दिवशी आपल्या जिल्ह्याच्या मातीतली बाई माइकसमोर उभी राहिली आणि सगळा मंडप ऐकत राहिला. ते पाहुणीला नाकारून झालं ही लाज आहे, पण ती बाई बोलली ही गोष्ट मोठी आहे. माइक कुणाच्या हातात जातो यावर सगळं असतं. हे मी साउंडवाला म्हणून सांगतो.

तर माझं उत्तर. भाच्या, राग मानू नको. आजच्या यवतमाळला रॅप जास्त कामाचं आहे. आपल्याकडे अजून विचारायचं पुष्कळ बाकी आहे आणि विचारायला शब्द लागतात, आपल्या बोलीतले, समोरच्याला टोचणारे. पण मेटल मागे ठेवायची गोष्ट नाही. ज्या पोराला शब्द सापडत नाहीत, जो घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही, दार लावून बसतो, त्याच्या हातात गिटार किंवा ड्रमची काडी आली पाहिजे. अशी पोरं आपल्या जिल्ह्यात किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. रॅप ज्याला बोलता येते त्याला वाचवेल. ज्याला बोलता येत नाही त्याचं काय?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक खोली. नगर परिषदेचे किती गाळे, किती सभागृहं, किती समाजमंदिरं वर्षातले ३०० दिवस कुलपात असतात ते मोजा. त्यातली एक सरावाला द्या. संध्याकाळी ५ ते ९, रात्री १० च्या आत बंद. एक ड्रमसेट, दोन ॲम्प, दोन माइक, एक मिक्सर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावा. कापूस आवाज खातो हे मी छातीठोक सांगतो. बेस पूर्ण थांबत नाही, पण गिटार, झांजा आणि आरडाओरडा पुष्कळ दबतो. अन् कापसाच्या जिल्ह्यात कापूस कमी पडून रायला काय? गादीवाला पिंजारी आपल्याच गल्लीत बसतो.

गणपती आणि दुर्गादेवी मंडळांना दुसरी विनंती. आपला दुर्गोत्सव पाहायला लोक लांबून येतात. रोज रात्रीच्या कार्यक्रमातली फक्त २० मिनिटं पोरांना द्या. त्यांचा कागद आधी तपासू नका. शिवी नको आणि कुणाच्या जाती-धर्माची टवाळी नको, या दोन अटी घाला, बास.

नुसतं दुसऱ्याला सांगून मोकळा होत नाही. यवतमाळ शहरात अशी खोली कुणीही दिली, मग ती नगर परिषद असो, शाळा असो की एखादं मंडळ, तर एक मिक्सर, दोन माइक आणि एक जुना ॲम्प मी तिथे कायमचा ठेवीन. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वतः येऊन सेटिंग शिकवीन. भाडं नाही. घाटंजीचा पोरगा आणि माझा भाचा पहिल्या दिवशी झाडू मारायला येतील, दोघांना विचारून घेतलं आहे. भाचा म्हणाला, "येतो, पण पहिले मेटल वाजेल." दुसरा म्हणाला, "वाजव ना बे, मी त्याच्यावरच म्हणतो."

मला तेवढंच पाहिजे होतं.

ज्यांच्या ओळखीत कुलूप लागलेली खोली आहे त्यांनी कमेंटमध्ये गाव आणि जागा लिहा. नगरसेवकांना, मुख्याध्यापकांना, मंडळाच्या अध्यक्षांना टॅग करा. ज्यांना माझं रॅप-मेटलचं म्हणणं पटलं नाही त्यांनीही भांडा, पण वऱ्हाडीत भांडा, मजा येते. आणि तुमच्या घरात दार लावून गाणी ऐकणारा पोरगा किंवा पोरगी असेल तर आज एकदा दार वाजवून विचारा, "काय ऐकून रायला बे? मलेही ऐकव ना."